शर्ट पांढरा होता

७ जानेवारी

दैनंदिनी आजपासून पुन्हा सुरू करीत आहे. मध्यंतरी खंड पडला. कारण न देता खंड दाखवू नये, असे मी कार्यालयात कनिष्ठांना सांगत आलो. तेव्हा कारण देतो : नोव्हेंबरच्या अखेरीस माझी पत्नी वारली.

एवढे लिहून पेन खाली ठेवले, स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो आणि विचारले, "चहा टाकतेस का?" मोठ्याने विचारले. मग उत्तराची वाट पाहत उभा राहिलो. आपण काय केले हे ध्यानात आल्यावर परत टेबलाशी येऊन बसलो. चहा केला नाही.

नोकरीत मी कायद्यांचे मसुदे लिहीत असे. 'करील', 'करू शकेल' आणि 'करणे बंधनकारक राहील' यांतला फरक सांभाळण्यात उमर गेली. शब्द अचूक असला की गोष्ट ताब्यात राहते, असा माझा समज होता. तो रुग्णालयाच्या तपासणी-खोलीत संपला. तेथे लख्ख पांढऱ्या दिव्याखाली हिला बसवले, काळा चष्मा काढायला लावला, आणि मी पाहिले : हिचा चेहरा, गळा, डोळ्यांतले पांढरे, सगळे पिवळे. हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखे. डॉक्टरीणबाईंनी मला विचारले, "हे केव्हापासून आहे?" मी ते त्या क्षणी प्रथमच पाहत होतो. त्या माझ्याकडे ज्या नजरेने पाहत राहिल्या, ती नजर अजून माझ्या अंगावरून उतरलेली नाही.

स्वादुपिंडाचा कर्करोग. त्यानंतर महिनाही लागला नाही.

मुलीला शेवटच्या आठवड्यातच येता आले. नोव्हेंबरच्या आरंभी तिला मुलगी झाली होती, आणि त्यापूर्वी ऑगस्टपासून तिला अंथरुणावरून उठण्यास बंदी होती. गर्भ टिकेल की नाही, अशी अवस्था. सगळे आटोपल्यावर निघताना दारात ती मला म्हणाली, "एका घरात राहून तुम्हांला दिसलं कसं नाही, बाबा?" आरडाओरडा केला नाही. साध्या आवाजात विचारले. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरते बोलते.

आजचे काम असे : "आईच्या शाली आणि कपड्यांचे फोटो काढून पाठवा. कुठले ठेवायचे ते सांगते. भिंतीवर लावायला तिचा एक चांगला फोटो निवडून ठेवा. फेब्रुवारीत बाळाला घेऊन येते." मी कसा आहे, हा प्रश्न नव्हता. नसणे स्वाभाविक आहे.

हिचा कॅमेरा कपाटात आहे. ही एका कापडगिरणीच्या नमुनापुस्तकांसाठी छायाचित्रे काढीत असे. कापडाचा रंग छायाचित्रात तसूभरही बदलला तर गिऱ्हाईक माल परत करते, म्हणून तिच्या कामाला मान होता. मी त्या यंत्राला कधी हात लावलेला नाही. उद्या लावीन.

९ जानेवारी

चौदा शाली पलंगावर एकेक पसरून छायाचित्रे काढली व पाठवली. दुपारी मुलीचे उत्तर आले.

"बाबा, हे काय आहे? सगळं निळं आलंय. मोरपंखी शाल तर शाईत बुडवल्यासारखी दिसते. पलंगपोस बदललात का?"

पलंगपोस पांढराच आहे. खिडकीपाशी नेऊन पाहिला. पांढरा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मात्र निळा. माझा शर्ट पाहिला, तोही पांढरा. हात कॅमेऱ्यासमोर धरून छायाचित्र काढले, तो बुडून मेलेल्या माणसाचा हात दिसला. मी यंत्र खाली ठेवले. डोळ्यांत काही दोष उत्पन्न झाला असावा, अशी भीती वाटली. पण निळे मुलीलाही दिसते. म्हणजे दोष यंत्रात. हे यंत्र हिच्या हातून कधी चुकल्याचे ऐकिवात नाही.

११ जानेवारी

हिचा पाठचा भाऊ आला होता. हे माझे मेहुणे पासपोर्टचे फोटो काढण्याचा स्टुडिओ चालवतात, आणि बोलताना समोरच्याला हसवल्याखेरीज त्यांना चैन पडत नाही. दारातूनच सुरुवात झाली.

"काय भावोजी, कॅमेऱ्याला कारणे दाखवा नोटीस काढली की नाही अजून? 'निळा का दाखवलास, सात दिवसांत खुलासा करावा.'"

"तो माझ्या अधिकारकक्षेत येत नाही," मी म्हणालो.

"ताई म्हणायची, आमच्या ह्यांना पंख्याचं बटण दाबायचं असलं तरी आधी पंख्याची व्याख्या लागते."

"मग सांगा व्याख्या."

त्यांनी सांगितली, आणि बरी सांगितली. "हे बघा. पिवळ्या बल्बखाली बसलात की थोड्या वेळानं तुमच्या डोळ्यांना पिवळंच पांढरं वाटायला लागतं. डोळे जुळवून घेतात. बल्बचा उजेड पिवळा, ढगाळ दिवसाचा निळसर, ट्यूबचा आणखी तिसराच. पण आपल्याला कळत नाही. कॅमेऱ्याला हे जुळवून घेणं नीट जमत नाही. त्याला सांगावं लागतं, कसल्या उजेडात आहेस. हे सूर्याचं चित्र, उन्हासाठी. हा ढग. हा बल्ब. आणि अगदी काटेकोर पाहिजे असेल तर ज्या उजेडात फोटो काढायचाय त्याच उजेडात एक पांढरा कागद धरायचा, त्याचा फोटो काढायचा आणि कॅमेऱ्याला सांगायचं, बाबा रे, ह्याला पांढरं म्हणायचं. मग तो बाकीचे सगळे रंग त्या मानानं लावतो. व्हाइट बॅलन्स म्हणतात."

"श्वेतसंतुलन," मी म्हणालो.

"टूथपेस्टचं नाव वाटतंय. चालेल!"

"आणि पांढरा म्हणून चुकीचाच रंग दाखवला तर?"

मेहुणे तोवर कॅमेऱ्याची बटणे दाबीत होते. त्यांची मान वर झाली नाही. "तर तो मुकाट्यानं ऐकतो. कॅमेरा आहे तो, बायको थोडीच आहे."

या विनोदावर ते स्वतःही हसले नाहीत. पडद्याकडे पाहत राहिले. मग घाईने म्हणाले, "हे ताईचं जुनं काहीतरी सेटिंग राहिलंय यात. म्हणून निळं येतंय. सगळं पुसून टाकतो, कोरी पाटी. कार्डही साफ करतो. नाहीतर असं करा ना, मी नेतोच कॅमेरा. तुम्हांला कशाला हा ताप? शालींचे फोटो मी काढून देतो."

मी नको म्हणालो. हिने बसवलेली घडी मोडायची माझी इच्छा नाही. मी तिच्या शेजारी नवी घडी बसवीन. त्यांनी पुन्हा आग्रह केला. तिसऱ्यांदा केला तेव्हा मला थोडे विचित्र वाटले. जाताना त्यांनी चहा अर्धा टाकला. भावाचेही दुःख असते, हे मी विसरता कामा नये.

१४ जानेवारी

घरातील प्रत्येक खोलीत पांढरा कागद धरून श्वेतसंतुलन साधले. खिडकीपाशी सुलभ आहे. स्वयंपाकघरात दिवा व खिडकी असे दोन उजेड एकत्र येतात, तेथे ओट्याची एक बाजू निळी व दुसरी पिवळी येते. एक दिवा मालवावा, हे उत्तम. शालींची छायाचित्रे नव्याने काढली. मोरपंखी शाल मोरपंखी आली. मुलीचे उत्तर : "आता बरोबर." दोनच शब्द, पण ते मी चारदा वाचले.

जेवणाच्या खोलीत कागद फारच पिवळा येतो, हे आज यंत्रामुळे कळले. डोळ्यांना तेथे पांढराच दिसतो. मेहुण्यांचे म्हणणे खरे आहे.

हे पिवळे बल्ब हिने गेल्या सप्टेंबरात लावून घेतले. त्यापूर्वी आयुष्यभर आमच्या घरी पांढऱ्या ट्यूबच होत्या. पिवळ्या उजेडावर तिचा भारी राग. "थापाड्या उजेड," म्हणायची. दुकानात साडी पसंत पडली तरी दाराबाहेर उन्हात नेऊन पाहिल्याशिवाय घेत नसे. आणि एके दिवशी मी वाचनालयातून आलो तो वायरमन शिडीवर आणि घरभर पिवळे बल्ब. मी आश्चर्याने विचारले, तर म्हणाली, "अहो, पांढरा उजेड डोळ्यांत घुसतो हल्ली. राहू द्या ना हे. ऊबदार वाटतं." मी वाद घातला नाही. पुढे दिवसाही पडदे ओढलेले असत, आणि बाहेर जाताना काळा चष्मा. डोळ्यांची तक्रार मी डॉक्टरांना दाखवू या असेही म्हणालो होतो. "आता नको," म्हणाली, "पोरीचं एकदा होऊ दे."

तिच्या डोळ्यांना तो बल्ब सोसत होता, म्हणून आज मी तो बदललेला नाही.

१८ जानेवारी

कॅमेऱ्याच्या कार्डावर काही कोरी छायाचित्रे सापडली. पूर्ण चौकटभर एकच रंग, दुसरे काहीही नाही. पहिले मोत्यासारखे, पुढचे सायीच्या रंगाचे, त्यापुढचे फिकट लिंबू, आणि शेवटचे केतकी. प्रत्येक आधीच्यापेक्षा जरा गडद. प्रथम वाटले, चुकून बटण दाबले गेले असेल. जवळून पाहिले तर सुताची वीण दिसते. कापडाचे तुकडे आहेत.

तेच तुकडे कॅमेऱ्याच्या पिशवीच्या खणात एका टाचणीला लावलेले आढळले. गिरणीचे काम तर तिने जुलैमध्येच सोडले होते, आणि तारखा आहेत सप्टेंबर ते नोव्हेंबर. सवय जात नाही. निवृत्त झाल्यावर मीही वर्षभर वर्तमानपत्रातल्या सूचनांचे मसुदे लाल पेनने दुरुस्त करीत असे.

ही कोरी छायाचित्रे निरुपयोगी आहेत; पुसावीत असे वाटले. बटणावर बोट ठेवले आणि काढून घेतले. तिच्या हातचे आहे. कोरे असले म्हणून काय झाले.

२० जानेवारी

आज मनाशी एक गोष्ट ठरवली, आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

मुलीचे लग्न झाल्यापासून दर रविवारी संध्याकाळी आम्ही दोघे जेवणाच्या टेबलाशी बसून एक छायाचित्र काढीत असू. कॅमेरा समोरच्या फळीवर, ही बटण दाबून लगबगीने माझ्या शेजारी येऊन बसायची, यंत्र टिकटिक करायचे, आणि मी दर वेळी डोळे मिटायचो. "अहो, फाशी नाही देत आहेत तुम्हांला, फोटो काढतायत," ही म्हणायची. मग ते छायाचित्र मुलीला जायचे. व्हिडिओवर बोलणे हिला गेल्या वर्षी नकोसे झाले होते. "माझं तोंड त्यात ढोलासारखं दिसतं" म्हणे. त्यामुळे शेवटचे महिने मुलीला आई दिसली ती या रविवारच्या छायाचित्रांतच.

ती सगळी आज संगणकावर पाहिली. आणि मला धक्काच बसला, सुखाचा धक्का. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबरचा पहिला रविवार : एकाही छायाचित्रात ही पिवळी नाही! चेहरा जरासा उतरलेला आहे, पण रंग नेहमीचा, गव्हाळ, टवटवीत. म्हणजे पिवळेपणा त्यानंतर, अगदी शेवटी, एकाएकी आला असला पाहिजे. तो मला दिसला नाही याचे कारण तो नव्हताच. मी पाहण्यात कसूर केली नाही. याचा पुरावा आहे, आणि पुरावा तारखांसह आहे.

हा संच मी मुलीला सादर करणार. सोबत एक छोटे टिपण. आरोप नाही, बचाव नाही, केवळ वस्तुस्थिती. तिने ती पाहावी एवढेच. मग कदाचित तिच्या त्या प्रश्नाला शेवट येईल, आणि फोनवर ती पूर्वीसारखी "जेवलात का?" असे विचारील.

एक बारीकशी उणीव आहे. या छायाचित्रांत मी स्वतः निळसर आलो आहे. टेबलावरचे पांढरे कापडही. तेव्हा मुलगी थट्टा करायची, "बाबांना फ्रीजमधून काढून बसवलंय का?" आणि ही म्हणायची, "ते आहेतच थंड!" रंगांची एवढी चूक राहिलेला पुरावा देणे मला प्रशस्त वाटत नाही. संगणकावर रंग दुरुस्त करता येतात, असे हिच्याच पुस्तिकेत दिले आहे : ड्रॉपरची खूण घ्यावी आणि चित्रातील जी वस्तू निश्चितपणे पांढरी आहे असे आपणांस माहीत आहे, तिच्यावर टिचकी द्यावी. माझ्या शर्टाइतकी निश्चित पांढरी वस्तू दुसरी कोणती? मी पांढऱ्याखेरीज दुसरा शर्ट जन्मात घातलेला नाही. उद्या दुपारी करीन.

२१ जानेवारी

शर्ट पांढरा झाला.

२४ जानेवारी

आज लिहितो.

ऑक्टोबरच्या मधल्या रविवारचे छायाचित्र प्रथम घेतले. ड्रॉपर माझ्या खिशापाशी नेला आणि टिचकी दिली. शर्ट पांढरा झाला. टेबलावरचे कापड पांढरे झाले. माझा निळा चेहरा माणसाचा झाला. आणि माझ्या शेजारी बसलेली ही एका क्षणात पिवळी झाली.

मी खुर्चीवरून उठलो. उठलो की खुर्ची मागे पडली, हे आता नीटसे आठवत नाही. खुर्ची नंतर जमिनीवर होती. वाटले, टिचकी चुकली. पुन्हा मूळ रूप आणले : ही गव्हाळ, मी निळा. पुन्हा टिचकी : मी पांढरा, ही पिवळी. दोघे एका वेळी आपापल्या रंगात येतच नव्हतो. रुग्णालयातल्या त्या दिव्याखाली पाहिलेला चेहरा, तोच. तसाच गळा. डोळ्यांच्या कडा तशाच. आणि ती हसत होती, माझ्या खांद्याला खांदा लावून.

मग मी ते सगळ्या रविवारांना केले. करायला नको होते. सप्टेंबरच्या आरंभी नुसती झाक. पुढच्या वेळी झाकेहून अधिक. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, नात झाल्याचा फोन आला त्या संध्याकाळी, केतकी.

केतकी. मी कॅमेऱ्याची पिशवी उघडली, टाचणीचे तुकडे काढले आणि पडद्याशी धरले. मोतिया सप्टेंबरच्या चेहऱ्याशी. साय त्यापुढच्या. लिंबू ऑक्टोबरशी. एकेक तुकडा तिने आपल्या गालाशी लावून निवडला असणार, आरशासमोर, गिरणीत ताग्याला नमुना जुळवायची तसा. आणि तो कॅमेऱ्याला दाखवून म्हणाली असणार, बाबा रे, ह्याला पांढरं म्हणायचं. यंत्राने मुकाट्याने ऐकले. तिच्यातला पिवळा काढून घेतला, आणि तिच्या शेजारी जे जे खरोखर पांढरे होते ते सगळे निळे करून टाकले.

आणि बल्ब. आणि पडदे. आणि चष्मा. तो बंदोबस्त माझ्या डोळ्यांसाठी होता.

ज्या संध्याकाळी नात सुखरूप झाल्याचे कळले, त्याच संध्याकाळी फोन ठेवून ती मला म्हणाली होती, "अहो, आता मला डॉक्टरकडे न्या." त्यातले 'आता' मी ऐकले होते. मसुद्यातला एकही शब्द विनाकारण नसतो, असे म्हणणारा मी.

२५ जानेवारी

मेहुण्यांच्या स्टुडिओत गेलो. एका गिऱ्हाइकाला हनुवटी खाली घ्यायला सांगत होते. मला पाहिले, माझ्या हातात टाचणीचे तुकडे पाहिले, आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "साहेब, उद्या या." दिवे बंद करून स्टुलावर बसले.

"तुम्हांला माहीत होते," मी म्हणालो.

"हो."

"केव्हापासून?"

"ऑगस्टच्या शेवटी. स्टुडिओचे पडदे शिवायला माझ्याकडे येते म्हणून सांगितलं होतं ना तिनं तुम्हांला? कसले पडदे न् काय. दोन डॉक्टरांकडे नेलं मी तिला. दोघांनीही मान हलवली, भावोजी. ऑपरेशन केलं तर थोडे महिने वाढतील म्हणाले, तेही खात्री नाही. बरं व्हायचं दुखणंच नव्हतं ते."

"आणि तुम्ही गप्प राहिलात."

"शपथ घातली तिनं. म्हणाली, पोरीला कळलं तर ती अंथरुणातून उठून गाडीत बसेल. ओळखत नाहीस का तिला? मग ते पोट राहायचं नाही. मला जायचंच आहे, तर मी एकटीच जाईन. त्या जिवाला बरोबर नेणार नाही."

भिंतीवर अनोळखी लोकांचे लहान लहान चेहरे लटकत होते, सगळ्यांचे रंग अगदी बरोबर.

"हे मुलीचे झाले," मी म्हणालो. "मला का सांगितले नाही?"

मेहुण्यांनी मान खाली घातली. हा माणूस माझ्यासमोर प्रथमच शब्द शोधत होता.

"मी विचारलं होतं. म्हटलं, ताई, भावोजींना तरी सांग. तर हसली. म्हणाली, अरे, त्यांना सांगितलं काय आणि पोरीला सांगितलं काय, एकच. तिनं फोनवर विचारलं, बाबा, आई कशी आहे, की ह्यांच्या तोंडून खरं बाहेर पडलंच म्हणून समज. खोटं बोलायचं त्यांना जमायचं नाही रे. बिचारे प्रयत्न करतील आणि घशाला कोरड पडेल."

मी काही काळ ते वाक्य पाहत बसलो. पाहत, कारण ते मला तिच्या आवाजात दिसत होते.

"रागावलात?" त्यांनी विचारले.

"ठाऊक नाही," मी म्हणालो. हे अचूक उत्तर होते.

निघताना ते दारापर्यंत आले आणि एकाएकी माझ्या खांद्यावर डोके ठेवून हुंदके देऊ लागले. "तो शेवटचा तुकडा मीच आणून दिला, भावोजी. तिच्याकडचे संपले होते."

२ फेब्रुवारी

टिपण लिहून तयार आहे. एका बाजूला मूळ छायाचित्रे, दुसऱ्या बाजूला दुरुस्त केलेली. त्यावरून दोन गोष्टी निर्विवाद सिद्ध होतात. पहिली : या घरात राहणाऱ्या कोणालाही ते दिसू नये अशी व्यवस्था एका कुशल हाताने केली होती, सबब, माझ्याकडे दोष येत नाही. हे टिपण पाठवले की मुलगी मला त्याच दिवशी फोन करील. रडेल. "बाबा, माझं चुकलं" म्हणेल.

दुसरी गोष्ट : ही व्यवस्था मुलीसाठी होती. हेही ती त्याच क्षणी वाचील. मांडीवर लेकीला घेऊन वाचील. पुढे जन्मभर त्या मुलीकडे पाहताना तिला काय दिसेल, याचा मी विचार करतो आणि टिपण मिटवून ठेवतो. पुन्हा उघडतो. पहिली गोष्ट ठेवून दुसरी वगळता येईल अशी शब्दरचना मी तीन दिवस शोधली. या कामात माझा हात धरणारा विभागात कोणी नव्हता. ती शब्दरचना होत नाही.

तिने मला 'दिसलं कसं नाही' असे विचारत राहावे, की स्वतःला 'माझ्यामुळे' असे म्हणत राहावे?

४ फेब्रुवारी

दुरुस्त केलेली सगळी छायाचित्रे पुसली. टिपण पुसले. तुकडे पिशवीत परत ठेवले.

भिंतीसाठी ऑक्टोबरचेच छायाचित्र निवडले, मूळ रूपात. त्या संध्याकाळी असा उकाडा होता की शेजारी स्टुलावर पंखा लावून बसलो होतो. त्यात माझे डोळे उघडे आहेत, आणि ही माझ्याकडे पाहून हसते आहे. मेहुण्यांनी मोठे करून चौकटीत बसवून दिले. "भावोजी, तुम्हांला तरी थोडं माणसात आणतो. तेवढा तुमचा भाग वेगळा सुधारता येतो," म्हणाले. मी नको म्हणालो. तिने जसे ठरवले तसेच राहावे. मी निळा बरा आहे.

कोणी विचारलेच, तर काय सांगायचे ते आरशासमोर म्हणून पाहिले. घशाला कोरड पडली. पाणी पिऊन पुन्हा म्हटले.

१४ फेब्रुवारी

मुलगी सकाळी आली. नात तिच्या खांद्यावर झोपलेली. चपला काढताच ती भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. मी मागे उभा होतो. हात पाठीमागे बांधले होते.

"आई किती छान दिसतेय," ती म्हणाली.

"हो."

"अगदी नेहमीसारखी."

"हो."

"आणि तुम्ही हे असे निळे. पांढरा शर्ट घालून निळे कसे हो येता तुम्ही?"

मी तयार होतो. "त्या दिवशी थंडी फार होती," मी म्हणालो. आवाज फारसा बदलला नाही, असे मला वाटते.

तिने वळून माझ्याकडे पाहिले. मग पुन्हा छायाचित्राकडे. जवळ गेली, उजव्या कडेपाशी थांबली. छताच्या बल्बकडे पाहिले, टेबलावरच्या कापडाकडे पाहिले, आणि पुन्हा छायाचित्राकडे. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "हा पंखा अजून चालतो का, बाबा?"

"चालतो. थोडा आवाज करतो."

"बरं," ती म्हणाली. विषय बदलला म्हणून मला हायसे वाटले.

तिने नातीला माझ्या हातात दिले. कसे धरायचे हेही सांगितले नाही, नुसती दिली. मग माझ्या कॉलरचे वरचे बटण, जे मी नेहमी लावतो, ते सोडले आणि तेथेच हात ठेवून उभी राहिली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. "मी ते फोटो दर रविवारी मोठे करकरून बघायचे," ती म्हणाली. "अगदी डोळ्यांपर्यंत मोठे करून. मलाही काही दिसलं नाही, बाबा." मी म्हणालो की कॅमेरा मुळात चांगला आहे. यावर ती हसली की रडली ते निश्चित सांगता येत नाही. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून तिने विचारले, "जेवलात का?"

तो प्रश्न तिने दिवसभरात पुन्हा विचारला नाही. 'दिसलं कसं नाही' हा. मला वाटते, तिला संशय आलेला नाही.

बघ, तू मला सांगायला हवे होतेस. मला जमले असते.